काळं वाण

काबरी खुडूक झाली तेव्हा रथसप्तमी चार दिवसांवर आली होती. खुराड्याचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी बाहेर पडून उकिरड्याकडे धावणारी ही कोंबडी त्या सकाळी आतल्या कोपऱ्यातून हललीच नाही. आईने हात पुढे केला, तर अंगावरची पिसं साळिंदरासारखी फुलवून तिने घशातल्या घशात एक लांब खुडखुड काढली. आईने तिला अलगद उचलून पाहिलं. पोटाखाली एकही अंडं नव्हतं. नुसती माती, आणि ती मातीही कोमट झालेली.

खुडूक हा शब्द मराठीत कुणी आदराने वापरत नाही. कामधंदा सोडून घरात बसलेल्या माणसाला आपण खुडूक म्हणतो. कोंबडीच्या बाबतीतही तो तक्रारीचाच शब्द. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते, खाणं कमी करते, जवळ गेलं की टोचते. मग गावोगाव तिची खुडूक मोडायचे उपाय चालतात. तिला पाण्यात बुचकळतात, डालग्याखाली कोंडतात, कुठे कुठे तिचंच पीस नाकपुडीतून आरपार ओवतात. आईने यातलं काही केलं नाही. काबरीच्या पाठीवरून हात फिरवत ती एवढंच म्हणाली, “बस बाई. तुझंच काम आलंय घरात.”

ते काम भुशाने भरलेल्या एका बांबूच्या टोपलीतून आलं होतं.

आमचं गाव शहाद्याच्या बाजूला, तापीच्या काळ्या मातीत. उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची निळी भिंत. दिवाळीनंतर त्या भिंतीपलीकडून ऊसतोडीची माणसं येतात, त्यात अलीराजपूरकडचं एक भिल कुटुंब गेली काही वर्षं आमच्या शिवारात उतरतं. त्या घरातली बाई आईला काकी म्हणते. मागच्या वर्षी तिच्या गावात मानमोडी आली आणि अंगण रिकामं झालं, तेव्हा जाताना आईने तिला आपल्या गावरान कोंबड्यांतली चार पिल्लं दिली होती. यंदा पौषात ती चार दिवस घरी जाऊन आली आणि आल्या आल्या टोपली आईच्या हातात ठेवून म्हणाली, “काकी, कालामासीचं आहे. तुझी कोंबडी बसव.”

कालामासी म्हणजे काळ्या मांसाची. बाकी जग या कोंबडीला कडकनाथ म्हणतं.

टोपलीत अकरा अंडी होती. कुक्षी, बडवानी, खेतिया अशा एसटी आणि जीप बदलत ती आली होती. नर्मदेची परिक्रमा करणारी माणसं वाटेत कुठेही तिचं पात्र ओलांडत नाहीत. ही अंडी मात्र बडवानीजवळच्या पुलावरून, भुशात नाक खुपसून, सरळ नर्मदा ओलांडून आली होती. रस्त्यातल्या एका खड्ड्याने त्यातलं एक तडकलं होतं. उरलेली दहा आईने एकेक करून पदराने पुसली आणि तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, “हे माझं संक्रांतीचं वाण.”

मला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला. वाण म्हणजे हळदीकुंकवात लुटायची वस्तू, आणि वाण म्हणजे बियाण्याची, जनावराची पिढ्यानपिढ्या चालत आलेली जात. दोन्ही अर्थ त्या टोपलीत एकाच भुशात शेजारी शेजारी निजले होते. शिवाय संक्रांत हा आपला एकच सण, ज्या दिवशी काळा रंग शुभ.

अंड्यात मात्र काळं काही नव्हतं. एक हातात घेऊन पाहिलं. बाजारातल्या पांढऱ्या अंड्यापेक्षा बरंच लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपासचं, फिकट बदामी, उन्हात धरलं की किंचित गुलाबी झाक मारणारं. दुधावर जुनी साय धरावी तसा रंग. टोकाकडे कवच जरा खरबरीत लागत होतं. या एवढ्याशा सायीच्या आत अख्खी काळोखी रात्र घडी घालून ठेवली आहे, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

*

झाबुआ, अलीराजपूर, धार हे या कोंबडीचं माहेर. पश्चिम मध्य प्रदेशातला हा उंचसखल, उन्हाने भाजलेला मुलूख, भिल आणि भिलाला लोकांचा. तिथे ही जात कुणी ठरवून घडवली नाही. घारीने, कोल्ह्याने, मे महिन्याच्या उन्हाने आणि माणसांच्या निवडीने ती घडत गेली. जी पिल्लं घारीची सावली ओळखायला चुकली ती वाढली नाहीत, आणि जी काळी निघाली त्यांना देवाच्या दारी मान मिळाला. रान आणि देव अशा दोन चाळण्यांतून शेकडो पिढ्या गाळून ही कोंबडी उरली आहे. रंगावरून लोक तिचे तीन प्रकार सांगतात: नखशिखांत काळी, पिसांवर रुपेरी रेघा असलेली आणि मानेवर सोनेरी छटा असलेली. चोच, नखं, पायाचे तळवेसुद्धा काळसर. तुरा आणि जीभ जांभळटाकडे झुकणारी. चाकू लावला तर कातडीखाली मांसही काळं, हाडावरचं आवरण काळं, श्वासनलिका काळी, हृदयाचा वरचा भाग काळा. रक्त मात्र तांबडंच, जरा गडद इतकंच.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीपासून आणि त्यानंतर तर जास्तच, या कोंबडीची हवा झाली. आज ती महाराष्ट्रातही गावोगावच्या शेडमध्ये दिसते. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने उबवणी यंत्रातून पिल्लं काढून ती आदिवासी घरांत पुन्हा पोचवली, त्याने एक विरळ होत चाललेली जात सावरायला हात लागला, हेही खरं. पण मानांकन मांसाला मिळतं. अंड्यावर एकवीस दिवस बसून राहण्याला कुठलं मानांकन नाही.

आणि या गोष्टीतली गंमत नेमकी तिथेच आहे. कडकनाथची मादी अंड्यावर बसायला फारशी राजी नसते. वर्षाकाठी ऐंशी ते शंभर अंडी घालते, घातली की निघून जाते. बाईने आईला हेच सांगितलं होतं, “ती घालते, पण बसत नाही काकी. आमच्याकडे दुसरीच्या पोटाखाली ठेवतात.” म्हणजे ज्या काळ्या वंशाचं एवढं कौतुक चाललंय, तो अंगणात आजवर टिकला तो बऱ्याचदा कुठल्या तरी काबऱ्या, खैऱ्या, तांबड्या, नाव नसलेल्या शेजारणीच्या पोटाखाली.

*

प्रवासातून आलेली अंडी लगेच कोंबडीखाली घालायची नसतात. हिसक्यांनी आतला बलक आणि हवेची पोकळी हललेली असते, ती जागेवर यायला एक दिवस तरी द्यावा लागतो. आईने ती बोथट टोक वर करून माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवून दिली.

त्या गार कोपऱ्यात काय चाललेलं असतं, याचा मी नंतर बराच विचार केला. कोंबडीच्या पोटात अंड्याला कवच चढून ते बाहेर पडेपर्यंत चोवीस-पंचवीस तास जातात. फलन झालेलं असेल तर जीव त्याच काळात वाढू लागतो. अंडं बाहेर येतं तेव्हा बलकावर तीन-चार मिलिमीटरची एक पांढुरकी चकती असते आणि तिच्यात हजारो पेशी आधीच जमलेल्या असतात. मग अंडं थंड होतं, साधारण वीस-एकवीस अंशांच्या खाली येतं आणि ती वाढ थबकते. मरत नाही, थबकते. सोमवारी घातलेलं अंडं आठवडाभर थांबतं, शनिवारी घातलेलं एक दिवस थांबतं, आणि कोंबडी बसली की सगळी एकाच क्षणी पुढे निघतात. म्हणून पिल्लं एकत्र फुटतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पंढरीच्या वाटेवर मागून येणाऱ्या दिंडीसाठी पालखी खोळंबावी, तसं हे खोळंबणं. फक्त इथे प्रत्येक वारकरी एकटा, आपापल्या बंद खोलीत.

रथसप्तमीला सकाळी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं. संध्याकाळी त्याच गोवऱ्यांची राख चाळून आईने एका पसरट पाटीत घातली, वर ज्वारीचा बारीक कडबा, मधे खळगा. दहा ही सम संख्या तिला चालेना. अंडी विषम बसवायची, ही तिच्या आईची रीत. मग काबरीनेच खुडूक व्हायच्या आधी घातलेलं एक अंडं फडताळातून काढून तिने अकरा पुरे केले. प्रत्येकावर कोळशाने एक फुली मारली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधेच येऊन अंडं घातलं तर ओळखता यावं. कडब्याखाली विळ्याचा एक गंजका तुकडाही गेला. वीज कडाडली तर पोटातलं पिल्लू दगावतं, लोखंड असलं की ते टळतं, म्हणे. माघात वीज कुठली कडाडायला! पण मी काही बोललो नाही. अशा वेळी अंधश्रद्धा आणि काळजी वेगळ्या करत बसायचं नसतं.

अंधार पडल्यावर काबरीला उचलून पाटीत ठेवलं. तिने एक पाय उचलला, चोचीने एक अंडं उलटंपालटं केलं, दुसरं पोटाकडे ओढलं, मग अंग थरथरवत हळूहळू खाली बसत गेली. एखाद्या बाईने नऊवारीचा घोळ सावरत पाटावर बसावं तशी. पिसांच्या कडांतून अकरातलं एकही अंडं दिसेनासं झालं, तेव्हा तिने डोळे अर्धे मिटले. आईने दिवा काढून घेतला.

*

कोंबडीच्या छातीखाली त्या काळात पिसं विरळ होऊन कातडी उघडी पडते. त्या उघड्या कातडीखाली रक्ताचा पुरवठा वाढलेला असतो, आणि तीच कातडी थेट कवचाला भिडते. यंत्रात साडेसदतीस अंश तापमान राखतात, दमटपणा मोजतात, अंडी दिवसातून अनेकदा फिरवतात. काबरी हे सगळं कुठल्याही आकड्याशिवाय करत होती. पहाटे गार झालं की ती पसरून खाली दबायची, दुपारी पत्रा तापला की किंचित उठून वारा आत घ्यायची. कडेची अंडी मधे आणि मधली कडेला, हा फेरा रात्रंदिवस चालू. फिरवलं नाही तर कोवळा जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून बसतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दिवसातून एकदाच, उन्हं कलताना, ती पाटीतून उतरायची. वीसेक मिनिटं. घाईघाईने ज्वारी टिपायची, पाणी प्यायची, एकच मोठी विष्ठा टाकायची, तीही पाटीपासून लांब, मग मातीत लोळून पिसांतल्या पिसवा झाडायची आणि परत. त्या वीस मिनिटांत मी अंड्यांना हात लावून पाहायचो. निवू लागलेली, पण अजून उबदार. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

त्या अंथरुणाच्या आत दुसरा दिवस सरत असतानाच एक ठिपका हलू लागलेला असतो. रक्ताचा ठिपका. हृदय असं म्हणण्याजोगा त्याला अजून आकार नसतो, कप्पे नसतात, पण ठोका पडत असतो. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी रोज एकेक अंडं फोडून हा क्रम पाहिला आणि तीन दिवसांनंतर दिसणारा, जिवंत असल्यागत उसळणारा तो तांबडा बिंदू लिहून ठेवला. आधी ठोका येतो, मग ज्याच्यासाठी तो ठोका आहे ते शरीर. हा क्रम मला फार दिवस पुरला.

सातव्या रात्री आईने काबरीला बाजूला केलं आणि आम्ही अंडी तपासली. पूर्वी आजी हे कंदिलासमोर करायची. मी मोबाइलच्या उजेडाभोवती पुठ्ठ्याची नळी केली आणि खोलीतला दिवा मालवला. पहिलं अंडं नळीवर ठेवलं आणि ते आतून पेटलं. नारिंगी उजेडात एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून चारी दिशांना फुटलेल्या तांबड्या रेषा. मधे जाड, पुढे बारीक, त्यांच्याही पुढे केसाएवढ्या. ठिपका हलत होता. आपल्या मर्जीने, एकदा इकडे, एकदा तिकडे.

छांदोग्य उपनिषदात विश्वाचं वर्णन एका अंड्यासारखं केलं आहे. ते वर्षभर तसंच होतं, मग फुटलं. त्याच्या चांदीच्या अर्ध्याची पृथ्वी झाली, सोन्याच्या अर्ध्याचं आकाश. जाड वेष्टनाचे डोंगर झाले, पातळ वेष्टनाचे ढग आणि धुकं, आतल्या पाण्याचा समुद्र. आणि शिरांच्या नद्या. ज्याने हे प्रथम म्हटलं, त्याने कधी तरी एखादं उबलेलं अंडं उजेडासमोर धरलं असणार, अशी माझी त्या रात्री खात्री झाली. माझ्या हातातल्या त्या इवल्याशा ब्रह्मांडात मला नद्या सरळ दिसत होत्या. ही जाड ती नर्मदा, ही खालची तापी, आणि मधला काळा ठिपका म्हणजे सातपुडा.

दोन अंडी नितळ निघाली. उजेड आरपार गेला, आत काहीच नव्हतं. आईने ती बाजूला काढली. उरली नऊ.

*

तो काळा ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. तो सगळ्याच पिल्लांचा काळा असतो. पण कडकनाथच्या अंड्यात त्याच पहिल्या आठवड्यात आणखी एक प्रवास चाललेला असतो, जो मोबाइलच्या उजेडात दिसत नाही. रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि साध्या कोंबडीत कातडीकडे जाऊन तिथेच थांबतात. पिसं रंगवणं एवढंच त्यांचं काम. कडकनाथमध्ये त्या संख्येने फार वाढतात आणि आतल्या वाटांनीही शिरतात, स्नायूंत, आतड्यांच्या आवरणात, हाडांवर. गाभाऱ्यात काजळी धरावी तसा काळा रंग शरीराच्या आतल्या भिंतींवर चढत जातो.

शास्त्रज्ञांनी याचं मूळ विसाव्या गुणसूत्रावर शोधलं. तिथला काही भाग दुप्पट झाला आहे, आणि रंगपेशींना वाढा म्हणणारं एंडोथेलिन-३ चं जनुक त्याच भागात आहे. एका ऐवजी दोनदा हाक जाते, एवढंच. पण आश्चर्य पुढे आहे. चीनची रेशमी कोंबडी, इंडोनेशियाची आयाम चेमानी आणि स्वीडनमधली स्वार्टहोना या सगळ्या काळ्या कोंबड्यांत हीच घडामोड, तशीच्या तशी सापडते. म्हणजे कधी तरी, कुठल्या तरी एकाच अंड्यात हे लिहिताना हात अडखळला, आणि ते अक्षर माणसांच्या टोपल्यांतून, गलबतांतून, बैलगाड्यांतून जगभर गेलं. अलीराजपूरच्या अंगणातली कोंबडी आणि बर्फातल्या गोठ्यातली कोंबडी एकमेकींच्या दूरच्या भाच्या निघाल्या. एखाद्याची सगळी अंडीपिल्ली ठाऊक असणं, असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. इथे अंड्याने पिल्लाची आणि पिल्लाने अंड्याची हकीकत एवढ्या लांबवर ठाऊक करून दिली.

आणि हा सगळा प्रवास चालला होता तो काबरीच्या पोटाखाली. काबरी दिसायला काहीच नव्हती. करड्यावर पांढरे ठिपके, तुरा एका बाजूला पडलेला, एका पायाचं नख मोडकं. तिच्या जातीला नाव नाही, प्रमाणपत्र नाही. बाजाराच्या हिशोबात तिच्यात असलेला मोठा दोष म्हणजे ती खुडूक होते. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, कारण तिच्या वंशातून खुडूक होणंच निवडून निवडून काढून टाकलं आहे. अंड्यांचा कारखाना चालवायचा तर बसणारी आई परवडत नाही. ज्या गुणाला कारखान्याने दोष ठरवून हद्दपार केलं, त्याच्याच आडोशाला हे काळं वाण आजवर जगलं. मला कडकनाथविषयी आदर होताच. त्या तीन आठवड्यांत तो आदर हळूहळू सरकत सरकत त्या करड्या कोंबडीकडे गेला.

संतांनी आईच्या मायेचे दाखले देताना कासवीची नजर सांगितली, पक्षिणीचे पंख सांगितले. पण ते सगळे दाखले आपल्या पोटच्या पोरांचे. परक्याच्या पोराला रक्ताच्या उबेने वाढवणाऱ्या या बाईला दाखला कुठला द्यावा, ते मला सुचलं नाही. तिला ती परकी वाटतच नव्हती म्हटल्यावर तो प्रश्नही माझाच.

*

अठराव्या दिवसानंतर काबरीने अंडी फिरवायचं थांबवलं. आता ती उतरेनाशीही झाली. आईने वाटीतून पाणी पाटीजवळ नेलं, तर दोन घोट घेऊन पुन्हा डोळे अर्धे मिटले. सगळं अंग जणू ऐकत होतं.

विसाव्या रात्री मीही ऐकलं. अंडं कानाशी धरलं तर आधी टिकटिक, मग अगदी दुरून, विहिरीच्या तळातून यावी तशी एक चिवचिव. आत काय घडतं ते मला वाचून ठाऊक होतं. इतके दिवस पिल्लू कवचाच्या आतून पसरलेल्या शिरांनी श्वास घेत होतं. कवचाला सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून हवा येते-जाते. आता ती अपुरी पडते, पिल्लू मान वळवून बोथट टोकातल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं आणि पहिल्यांदा छातीने श्वास घेतं. उरलेला बलक पोटात ओढून घेतं, दोन-तीन दिवसांची शिदोरी म्हणून. हाडांसाठी लागणारा चुना त्याने कवचातूनच काढून घेतलेला असतो. म्हणजे ज्या भिंतीने सांभाळलं, तिलाच थोडं थोडं खाऊन ते बळकट झालेलं असतं, आणि भिंत त्याच्या मापाने पातळ. काबरीने त्या चिवचिवीला घशातून एक मऊ उत्तर दिलं. मी तिला कधी असा आवाज काढताना ऐकलं नव्हतं. तो आमच्यासाठी नव्हताच.

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी आईचा उपास होता. पाटीपाशी बसून ती साबुदाणा भिजवत होती, तेवढ्यात एका अंड्यावर, कोळशाच्या फुलीजवळच, मोहरीएवढी चीर दिसली. चिरेतून काही तरी पांढरं चमकलं. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर जन्मापुरता एक कठीण दाणा असतो, अंडदात. त्याने ते कवच फोडतं आणि थोड्याच दिवसांत तो गळून पडतो.

संस्कृतात पक्ष्याला द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो, एकदा अंडं म्हणून, एकदा अंड्यातून. आणि दातालाही द्विजच म्हणतात, कारण तोही दोनदा येतो. त्या चिरेत दोन्ही द्विज एकाच जागी होते. दात पक्ष्याला जन्म देत होता आणि स्वतःचं काम आटोपून परत न येण्यासाठी निघण्याच्या तयारीत होता.

दुपारभर ते थांबत थांबत चाललं. चार टकटक, मग अर्धा तास सामसूम. मी चीर नखाने वाढवायला हात पुढे केला, तशी आई म्हणाली, “हात मागे घे. त्याचं रक्त अजून भिंतीत आहे.” खरोखरच शिरांतलं रक्त पुरतं अंगात ओढून घेतल्याशिवाय बाहेर काढलं तर ते दगावतं. आईने हे कुठे वाचलं नव्हतं. तिने एकदा, फार पूर्वी, मदत केली होती.

दिवेलागणीला पिल्लू आतल्या आत गोल फिरत फिरत झाकण कापून निघालं. ओलं, मान न धरणारं, कुणी दमून अंथरुणावर पडावं तसं कवचाच्या अर्ध्यावर पडलेलं. तासाभराने वाळून फुललं तेव्हा कळलं: निळसर काळं अंग, पाठीवर त्याहून काळ्या अनियमित रेघा, काळी नखं, काळी चोच आणि चोचीच्या टोकावर तो पांढरा दाणा. अमावास्येच्या आधीची रात्र, आणि तिच्यात एक चांदणी.

रात्री देवळात घंटा वाजत होत्या आणि पाटीत एकामागून एक कवचं तडकत होती. जुनी माणसं म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. त्या रात्री ती खरंच उठून गेल्यासारखी हवा होती. पहाटेपर्यंत सात काळी पिल्लं झाली, आणि आठवं पिवळं, पाठीवर तपकिरी पट्टा असलेलं. काबरीचं स्वतःचं. ती सातांत त्याला वेगळं ओळखते का, हे मी टक लावून पाहिलं. तिने आठही पंखाखाली घेतली. ज्याने पंखाबाहेर डोकं काढलं त्याला चोचीने आत लोटलं. पिवळं, काळं, तिच्या हिशोबात ते सगळं एकच थंडी वाजणारं काही तरी होतं.

नववं फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने ते उघडून पाहिलं. आत पूर्ण पिल्लू होतं, पिसांसकट, पायांचे तळवे काळेभोर, मान पंखाखाली अडकलेली आणि बलक बाहेरच राहिलेला. वळायची होती ती मान वळली नाही, एवढंच. आईने ते शेवग्याच्या बुंध्याशी पुरलं आणि कवच चुरून त्यावर टाकलं.

तिसऱ्या दिवशी काबरी वरात घेऊन अंगणात उतरली. बाजरीची भरड टाकली, तर तिने स्वतः खाल्ली नाही. एक कण चोचीने उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा, आणि टुकटुक असा झटपट आवाज काढायचा. आठही डोकी त्या कणावर यायची. वर घार फिरली, तेव्हा तिने वेगळाच एक लांब, तारेसारखा आवाज काढला आणि क्षणात अंगण रिकामं. काळी पिल्लं काळ्या मातीत अशी मिसळली की मलाही दिसेनात. तापीकाठच्या या काळ्या मातीत त्यांचे पूर्वज कधी उतरले होते की नाही, ठाऊक नाही. पण मातीने त्यांना ओळख दाखवली.

*

भगोरियाच्या सणाला गावी जायच्या आधी टोपली आणणारी बाई पिल्लं पाहायला आली. तिने एक उचललं, चोच उघडून जीभ पाहिली, उलटं करून तळवे पाहिले. बोटाने पोटावरची लव बाजूला सारून कातडी पाहिली. “काळंच आहे,” ती म्हणाली, आणि हसली. आईने सातातली अर्धी आत्ताच ने म्हटलं, तर तिने मान हलवली. “अजून ऊब सुटली नाही काकी. तोड संपली की नेईन. अर्धलीने.”

मधल्या काळात एक काळं पिल्लू घारीने नेलं. तिला त्या दिवशी काबरीपेक्षा लवकर दिसलं असणार. चैत्रात सहा काळी उरली होती. बाईने दोन तलंगा आणि एक कोंबडा टोपलीत घातला, वर कापड बांधलं, आणि ती तिघं आपण अंड्यात असताना जी नदी ओलांडली होती ती पुन्हा ओलांडायला निघाली. आमच्याकडे तीन राहिली.

त्यांतल्या एका तलंगेने भाद्रपदात, गौरी गेल्यानंतर, पहिलं अंडं घातलं. लहान, फिकट बदामी, सायीच्या रंगाचं. खुराड्याच्या मधोमध, कुठल्याही खळग्याचा विचार न करता, उघड्या जमिनीवर. घातलं आणि ओरडत बाहेर गेली, उकिरडा उकरायला लागली. मागे वळून पाहिलं नाही.

काबरी त्या दिवसांत दुसऱ्यांदा खुडूक होऊन कोपऱ्यात बसली होती. तिने मान लांब केली. चोचीची खालची बाजू अंड्याच्या पलीकडे टेकवली आणि त्याला हळूहळू, थांबत थांबत, आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. वाटेत एक खडा आला, अंडं घरंगळलं, तिने पुन्हा चोच पलीकडे नेली. चौथ्या खेपेला ते पिसांच्या कडेखाली गेलं.

आई चुलीपाशी उठली आणि कोळसा शोधू लागली.